मे महिन्यातलं पाणी

मीराबाई खोब्रागडे भांडखोर आहेत हे सोसायटीत सगळ्यांना पाठ होतं. त्या भांडतात कशासाठी, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

नवरा वाल्मीक केंद्र सरकारच्या एका खात्यात शिपाई. सगळा संसार सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात झाला. निवृत्तीच्या वेळी खात्यातल्या लोकांनी गुडगावात सोसायटी काढली, तेव्हा वाल्मीकनंही नाव घातलं. सत्याण्णव साल असेल. आजूबाजूला काचेच्या इमारती उठत होत्या आणि गावातल्या म्हशी त्या काचेत स्वतःलाच बघून बिचकत होत्या. सोसायटीचे सेक्रेटरी भसीन साहेब. खात्यात त्यांच्याच टेबलावर वाल्मीकनं वर्षानुवर्षं चहा ठेवला होता. आता दोघं एकाच जिन्यात राहायचे, पण वाल्मीक अजून त्यांना बघितलं की बाजूला सरून उभा राहायचा. मीराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती इथंच.

सोसायटीच्या मागे खडकाळ उतार होता. खाणवाल्यांनी अरवलीचं मांस खाऊन टाकल्यावर उरलेलं हाड. त्यावर एक झाड शेळ्यांनी इतकं कुरतडलेलं, की ते उभं राहायचं विसरून दगडावर चटईसारखं पसरलं होतं. इकडचे लोक त्याला धौ म्हणतात. मीराबाई पहिल्यांदा तिथं गेल्या आणि मटकन खालीच बसल्या. यवतमाळच्या जंगलात त्यांची आई धावड्याचा डिंक गोळा करायची. लाडू दुसऱ्यांच्या घरी वळले जायचे. हा धौ म्हणजे त्याच धावड्याचा चुलतभाऊ. पान तसंच, साल तशीच. या अख्ख्या गुडगावात त्यांच्या ओळखीचं दुसरं कुणी नव्हतं.

त्यांनी बी गोळा केलं. चोळून बघितलं तर मूठभरात एखादंच भरलेलं, बाकी सगळं फोल. ते पिशव्यांत लावलं, शेणखत घातलं, बाल्कनीत रोज पाणी. रोपं कशी तरारून आली! पावसाळ्यात उतारावर नेऊन लावली आणि आठवड्याभरात झोपली. उपटून बघितलं तर मुळं पिशवीच्या तळाशी गोल फिरून बसलेली. खाली जायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

पुढच्या पावसाला मीराबाईंनी लाड बंद केले. बी थेट दगडांच्या फटीत टाकलं, झरबेरीच्या, म्हणजे रानबोरीच्या, काट्यांखाली, जिथं शेळीचं तोंड पोचत नाही. वर दोन पानं आली, बोटभर उंची. उन्हाळ्यात तीही वाळून काडी झाली. मीराबाईंनी कपाळाला हात लावला. पण पाऊस पडला आणि त्याच काडीच्या बुडातून पुन्हा कोंब! असं दोन वर्षं चाललं. वरचं मरायचं, खालचं जाडावत राहायचं. मुळानं आधी खाली घर बांधायचं, मग वर तोंड दाखवायचं, अशी त्या झाडाची रीत. त्याला घाई नव्हती.

घाई सोसायटीला होती. गाड्या वाढल्या. दोन हजार एकच्या एप्रिलमध्ये भसीन साहेबांनी मीटिंगमध्ये विषय काढला, की उतार सपाट करून पार्किंग आणि जनरेटर. मीराबाई उठून उभ्या राहिल्या.

"वहाँ पेड़ लगे हैं."

"कहाँ, बहनजी? वहाँ तो झाड़ू की सींकें गड़ी हैं."

सगळे हसले. वाल्मीकही थोडा हसला, सवयीनं.

"ज़िंदा हैं! बारिश में देखना!"

"देखिए, मैं कोई दुश्मन नहीं हूँ," भसीन म्हणाले. "मई के आख़िर में कमिटी राउंड लेगी. हरा दिखा, तो रहेगा."

घरी आल्यावर मीराबाईंनी आधी नवऱ्याला घेतलं. "तुम्ही काऊन दात काढत होते?"

"अगं, साहेब बोलले की हसू येतं. काय करू?"

"रिटायर होऊन चार वर्षं झाली तुम्हाला. तुमचं तोंड कधी होणार रिटायर?"

मुलगी समता कॉल सेंटरची गाडी यायची वाट बघत चपला घालत होती. ती म्हणाली, "आई, सिंपल आहे यार. थोडं पाणी घाल ना. हिरवं तर दिसेल."

"मे महिन्यात पाणी घातलं तर त्याला वाटेल पाऊस आला."

"मग वाटू दे ना!"

मीराबाईंना ठाऊक होतं. खोट्या पावसाला फसून मूळ साठवलेलं सगळं वर पाठवेल आणि वर तर लू, इकडचा भाजून काढणारा वारा, वाट बघत उभी. पण काड्या तशाच ठेवल्या, तर जूनमध्ये बुलडोझर. एकीकडे नक्की मरण, दुसरीकडे कदाचित. त्यांनी कदाचित निवडलं.

टँकरचे दिवस होते. आंघोळीचं पाणी टबात धरून त्या रोज पहाटे उतारावर न्यायच्या. एकदा वाल्मीकनं बादली उचलायला हात घातला, तर "साहेब बघतील" म्हणून टोमणा मारून त्यांनी ती ओढून घेतली.

काड्या फुटल्या. पोपटी, कोवळी, बाळाच्या कानासारखी पानं. कमिटी आली. भसीन साहेब वाकून बघत राहिले आणि खरंच खूश झाले. "कमाल है, बहनजी! ठीक है. यह रहेगा." वाल्मीकची छाती त्या दिवशी फुगली होती. मीराबाईंनी चहासुद्धा घेतला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात लू सुटली. दोन दिवसांत पानं कुरकुरीत झाली. मीराबाईंनी जुन्या साड्या बांधून सावली केली, आणखी पाणी घातलं. मुळांनी आणखी एकदा कोंब पाठवले, पहिल्यापेक्षा बारीक. तेही जळले. तिसऱ्यांदा काहीच आलं नाही.

मग खरा पाऊस आला. उतारावर गवत आलं, विलायती कीकर, आपली वेडी बाभूळ, तर माजल्यासारखा उगवला. फटी तेवढ्या रिकाम्या. भादवा सरेपर्यंत त्यांनी वाट बघितली, मग खुरप्यानं एक फट उकरली. मूळ हाताएवढं लांब होतं. दाबलं तर बोटांत साल आली, आत भुसा.

दिवाळीआधी पुन्हा मीटिंग भरली. पार्किंगचा विषय आला तसे सगळे मीराबाईंकडे बघायला लागले. काहींनी तर तमाशा बघायला खुर्च्या वळवून घेतल्या.

"बहनजी, आप कुछ कहेंगी? एक बारिश और देखनी हो तो..." भसीन साहेबांचा आवाज मऊ होता.

एक वर्ष मागायला काय जात होतं? खोटं बोललं असतं तरी चाललं असतं. वाल्मीकनं त्यांच्या कोपराला हळूच ढोसलं.

"ले लो," मीराबाई म्हणाल्या. "वहाँ कुछ नहीं है."

ठराव एकमताने मंजूर झाला.