रुमालाखालची बोटं

डॉक्टरांशीही मी घासाघीस केली. "औषध कंबरेचं द्या, डोक्याच्या वाटेला जाऊ नका," म्हणालो. ते हसले नाहीत. म्हणाले, इतकं जुनं दुखणं नुसतं कंबरेत राहत नाही. मेंदू सारखा त्यातच गुंतून पडतो, झोप तुटते आणि उतारवयात काहींचं लक्ष, आठवण कमी पडायला लागते. दुखणं खरं आहे, हेही त्यांनी सांगितलं. मुलानं मात्र पुंडलिकनगरच्या घरी पोचेपर्यंत त्यातून एकच अर्थ काढला. "बाबा, आता बैलबाजार बंद."

बंद करणारा हा कोण? सोयगावहून आलो तेव्हा माझ्याजवळ काही नव्हतं. तो ज्या घरात बसून हुकूम सोडतो, ते याच बाजारानं बांधलं. पुढच्या बाजाराला मी गेलोच.

आम्ही व्यापारी भाव तोंडानं बोलत नाही. रुमालाखाली हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवतीच्यांना पत्ता लागत नाही. त्या दिवशी समोर माझा जुना वैरी होता. तरुणपणापासून आम्ही एकमेकांना बुडवायला टपलेले. त्याची बैलजोडी मला हवी होती.

"काय रं म्हाताऱ्या, वाकून आलास. पाया पडतो काय माझ्या?"

"तुझ्या बैलाचे पाय बघतोय. लंगडा दिसतो."

त्यानं बोटं दाबली, मी दाबली. भाव जुळत आला होता. तेवढ्यात कंबरेतून सणक उठली आणि सगळं ध्यान तिकडंच गेलं. कळ ओसरली तेव्हा त्याचा हात माझ्या हातातच होता, पण मी किती सांगितलं, त्यानं किती मागितलं, काही आठवेना.

"किती म्हणलास?" मी मोठ्यानं विचारलं.

बाजारात असं कुणी विचारत नाही. बघे खदखदून हसले. तो हसला नाही.

"तू म्हणशील तेवढ्यात ने," म्हणाला.

या माणसानं जन्मात मला एक पैसा सोडला नव्हता. माझं डोकं फिरलं. "भीक घालतोस व्हय? भाव कर!" म्हणत मी त्याला घाण शिवी दिली. एरवी त्यानं दोन परत केल्या असत्या.

"लई दुखतंय का रं?" त्यानं हळूच विचारलं.

मी पुन्हा त्याची बोटं दाबली, जोरात. त्यानं आकडा न दाबता माझा हात नुसता धरून ठेवला.