पियानोवरचा नारळ

जॅझ पियानो ऐकायला जाताना बरोबर नारळ नेऊ नये, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

नारायण पेठेतल्या आमच्या संगीत मंडळात सत्काराचं खातं वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. गवई भैरवी संपवून तानपुऱ्याला नमस्कार करतो न करतो, तोच मी शाल-श्रीफळ घेऊन स्टेजवर हजर! (अध्यक्ष माझ्याआधी पोचलेत असं एकदाही घडलेलं नाही. त्यांच्या गुडघ्यांचा आणि माझ्या उत्साहाचा मेळ बसत नाही.) त्यामुळे कुठल्याही मैफलीला निघालो की खांद्यावरच्या पिशवीत शाल आणि नारळ असायचाच.

त्या वेळचा मामला मात्र घरचा होता. आमच्या रेवाने लग्नासाठी मुलगा पसंत केला होता, हडपसरचा ओंकार. मुलगा देखणा, निर्व्यसनी, बोलायला गोड. पण 'काय करतो?' या प्रश्नाला रेवाचं उत्तर होतं, एकट्याने जॅझ पियानो वाजवतो. मी म्हटलं, ते कळलं, पण करतो काय? त्यावर लेकीने माझ्याशी बोलणंच टाकलं. शेवटी बायकोने, म्हणजे वसुधाने, तह घडवून आणला. मी ओंकारचा कार्यक्रम ऐकायचा आणि मग हो की नाही ते सांगायचं. माझ्या होकाराशिवाय लग्न करणार नाही, हे रेवाने आधीच सांगून ठेवलं होतं. (पोरं अशी चांगली निघाली की बापाला नाही म्हणणंही अवघड होऊन बसतं.)

"बाबा, तू फक्त ऐक," दारातून निघताना ती म्हणाली. "प्लीज, काहीही करू नकोस."

कॅम्पातल्या सभागृहात अर्धी मंडळी डोळे मिटून माना हलवणारी तरुण पोरं होती आणि अर्धी मंडळी हडपसरची! ओंकारचे वडील, तात्या, अख्खी भावकी गाडी करून घेऊन आले होते. मागच्या रांगांमध्ये पांढऱ्याशुभ्र टोप्याच टोप्या. तात्यांची जमीन एके काळी उसाची, आता तिथे सोसायट्या उभ्या आहेत. माणूस भारदस्त, पण माझ्याशेजारी बसताना अवघडला होता. माझ्या मनात काय आहे ते त्यांनाही ठाऊक होतं.

ओंकारने वाजवायला सुरुवात केली आणि मी मांडीवर ताल धरला. सम काही सापडेना! इथे येईल म्हणून दबा धरून बसावं, तर ती भलत्याच गल्लीतून पसार. एकदा मी अंदाजाने "क्या बात है!" ठोकून दिलं, तर पुढच्या तीन रांगा मागे वळल्या आणि वसुधाने चिमटा काढला. मला जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे मात्र पोरं खूश होऊन हुंकार देत होती.

तात्या माझ्या कानाशी वाकले. "कळतंय का काय, पाव्हणं?"

मी खरं ते सांगितलं.

"मला बी न्हाय कळत," ते म्हणाले. "पर पोरगं जीव लावून वाजवतंय, येवढं दिसतं."

तेवढ्यात ओंकारचे दोन्ही हात धावत धावत पार वरच्या टोकाला गेले आणि थांबले. हात हवेत, मान खाली. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता! आणि टाळी? एकही नाही. मी वाट पाहिली. अहो, पोराने घामाघूम होईस्तोवर वाजवलं आणि कोणाचे हात हलेनात? कलावंताचा असा अपमान मला बघवेना. मी उठलो. रेवाने माझा झब्बा घट्ट पकडला. झब्बा जुना होता. खिसा तिच्या हातात राहिला आणि मी स्टेजवर पोचलो.

ओंकारच्या खांद्यांवर शाल घातली, हातात नारळ ठेवला. त्याने डोळे मोठे केले आणि हलकेच म्हणाला, "काका, अजून संपलं नाहीये."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पण तोवर टाळ्यांचा कडकडाट झाला होता! पोरांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. मागून हडपसरने तर शिट्ट्या मारल्या. ओंकारने नारळ पियानोवर ठेवला, वाकून माझ्या पाया पडला आणि अंगावरच्या शालीसकट पुन्हा वाजवायला बसला. खालचे सूर घुमले आणि नारळ घरंगळला. मी झेलला. पुन्हा ठेवला, पुन्हा निघाला. शेवटी नारळावर हात दाबून मी तिथेच उभा राहिलो, सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यासारखा गंभीर चेहरा करून.

तिथून मात्र वेगळंच दिसत होतं. डावा हात आपलं एकच काम धरून बसलेला आणि उजवा लांब लांब भटकून दर वेळी घरी परतणारा. परतला की मला बरं वाटायचं. समोर रेवा तो फाटका खिसा हातात धरून उभी होती. लहानपणी मंडळाच्या मैफलीत ती माझ्या मांडीवर झोपायची आणि मी तिच्या पाठीवर हलके हलके ताल धरायचो. ते आठवलं. उजवा हात पुन्हा घरी आला तेव्हा माझ्या तोंडून आपसूक "वा!" निघून गेलं. ओंकार हसला आणि तेवढा तुकडा त्याने माझ्यासाठी परत वाजवला. होकार तिथेच ठरला. घरी गेल्यावर, नीट बसून, बापाच्या रुबाबात सांगायचं, एवढंच बाकी होतं.

पण कार्यक्रम संपताच तात्या स्टेजवर आले आणि त्यांनी मला कडकडून मिठी मारली. मागोमाग भावकी. कोणीतरी माझ्या कपाळाला बुक्का लावला, कोणीतरी पेढे आणायला पळालं.

"आमच्यात मुलीच्या बापानं चारचौघांत पोराच्या अंगावर शाल टाकून हातात नारळ दिला, की सोयरीक पक्की," तात्या म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "तुमी नको म्हनाल असं वाटलं होतं, पाव्हणं. तुमी तर समद्यांसमोर मान दिलात."

हा नुसता सत्कार होता, असं सांगायला मी तोंड उघडलं. रेवाकडे बघितलं. ती श्वास रोखून उभी होती.

"हो तर," मी म्हणालो. "म्हणूनच तर आणला होता."

रेवा माझ्या गळ्यात पडून रडली. रिक्षात वसुधा म्हणाली, "अहो, चुकीच्या वेळी उठायची तुमची खोड आयुष्यात एकदा तरी कामाला आली."

याला आता बरीच वर्षं झाली. जावईबापू अजून तो तुकडा वाजवतात. ती शांतता आली की हात हवेत धरून आधी माझ्या खुर्चीकडे बघतात, आणि मी बसलेलाच आहे अशी खात्री पटली की मगच पुढचा सूर लावतात. जाणकार म्हणतात, अलीकडे त्यांच्या थांबण्याला एक वेगळीच खोली आली आहे!