पीटरच्या बाप्तिस्म्याला मी केलेलं सांत्वन

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. बाळाच्या बारशाला जाऊन कुणी सांत्वन करून आल्याचं ऐकलंय कधी? मी करून आलोय!

आमच्या रेवदंड्याला गेल्या वर्षी मायकल शेजारी राहायला आला. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याला मुलगा झाला. कुंपणावरून म्हणाला, "डीके काका, रविवारी बाप्तिस्मा. नाव पीटर!"

मला प्रत्येक नावाचा अर्थ शोधायचा नाद. मोबाईलवर पाहिलं. पीटर म्हणजे दगड! काळजात चर्र झालं. आमच्याकडे आधीची मुलं जगली नाहीत, की पुढच्याचं नाव दगडू नाहीतर धोंडू ठेवतात. दगडाकडे यम कशाला बघेल? म्हणजे मायकलची आधीची लेकरं...

ऐकून बायकोनं पदर डोळ्यांना लावला. "कधी बोलली नाही हो त्याची बायको लिझा!" संध्याकाळपर्यंत अख्खी आळी हळहळत होती.

रविवारी चर्चमधून आल्यावर मायकलच्या अंगणात केक, गाणी, नुसती धमाल. आणि आमचा घोळका कोपऱ्यात, चेहरे पाडून! बायकोनं मीठमोहऱ्यांनी बाळाची दृष्ट काढली आणि रडायलाच लागली. तिचं बघून बाकीच्याही.

लिझा पांढरीफटक पडली. बाळाला घट्ट धरून म्हणाली, "काकी, काय झालंय माझ्या बाळाला? डॉक्टर काही बोलले का तुम्हाला?"

गाणी थांबली. मी मायकलच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धर. आधीची गेली, पण हा जगेल."

"आधीची कोण?"

"मुलं!"

"काका, लग्नालाच दीड वर्ष झालंय!"

आता आली का पंचाईत? मी चाचरत सगळं सांगितलं. मायकलची आई, मारियाबाय, पोट धरून हसत सुटली.

"अरे बाबा, हा पायाचा दगड! येशूनं एका कोळ्याला हे नाव दिलं. ह्याच खडकावर माझी मंडळी, म्हंजे चर्च, उभी राहील म्हणाला. आणि तो काय मोठा शूर न्हवता हां! येशूला धरून नेला, तवा घाबरून कोंबडा आरवायच्या आत तीनदा म्हणाला, मी त्याला वळखत न्हाय. तरी येशूनं नाव परत घेतलं न्हाय. म्हणून आमच्या बाळाला तेच."

काय बाई ती! हे सांगता सांगता तिनं सुनेचे डोळे पुसले, आमच्या बायकांना केक भरवला. इतकी वर्षं मी नावांचे अर्थ गोळा करतोय, पण माणूस घसरला तरी त्याचं नाव सांभाळणारा देव मला त्या अंगणातच कळला.

"पण डीके, हे दगडूचं तुमच्या डोक्यात इतकं कसं बसलं?" मारियाबायनं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "बसणारच! ह्यांचंच नाव दगडू. डीके म्हणजे दगडू काशिनाथ!"

जन्मभर लपवलेलं नाव भर अंगणात! पण मारियाबायनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. "घ्या, दोघं एकाच नावाचे!" माझी छाती फुगली. ठरवलं, आता लपवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी चहावाल्यानं विचारलं, "काय डीके, तुमचं नाव दगडू?"

"छे!"

शिंप्यानं विचारलं.

"कोण म्हणतं?"

घराच्या फाटकाशी केळीवाला दात काढत उभा. "दगडूशेठ, केळी?"

"कोण दगडू? मी नाही ओळखत!"

आणि कुंपणापलीकडे मारियाबायचा कोंबडा आरवला. भर दुपारी!