डॉक्टरकाकूंच्या दारातला सवारो

"तो काटेरी राक्षस हलवा, नाहीतर घर कॅन्सल," असं म्हणून शैलाकाकूंनी प्लॅनची गुंडाळी माझ्या हातात परत ठेवली.

त्या आणि त्यांचे डॉक्टर यजमान रिटायर होऊन टेक्सासमधल्या प्लेनोहून आमच्या ॲरिझोनाच्या वाळवंटात राहायला येणार होते. मी इथल्या एका छोट्या कंपनीत घरं डिझाइन करतो. जागा झकास होती, पण दाराच्या अगदी समोर सवारो उभा होता. सवारो म्हणजे इथला खांबासारखा उंच निवडुंग. याला तर हातांसारख्या चांगल्या पाच फांद्या होत्या. काकूंचं म्हणणं सरळ होतं. दार पूर्वेलाच हवं आणि दारात काटेरी झाड नको.

मी नागपूरचा, त्यामुळे उन्हाचं कौतुक नव्हतं. पण सुरुवातीला हा सगळा मुलुख मला निव्वळ ओसाड वाटायचा. साइट सर्व्हे करत हिंडलो तेव्हा कुठे डोळे उघडले. सवारोच्या खोडात सुतार पक्षी ढोली करतात, आणि त्यांनी ती सोडली की मुठीएवढी घुबडं तिथे संसार थाटतात. पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. म्हणून स्वतःच्या जमिनीवरचा सवारो हलवायलाही परमिट लागतं. ते मिळतं. पण एवढं जुनं झाड उपटून दुसरीकडे लावलं की सहसा जगत नाही. बाहेरून हिरवंगार दिसतं आणि आतून दोन-तीन वर्षं मरत राहतं.

बॉस म्हणाला, "परमिट काढ. घर त्यांचं आहे."

"आधी एकदा त्यांना साइटवर नेतो."

"जूनमध्ये? वेडा आहेस का?"

तरी नेलं. सकाळीच ऊन चटके देत होतं. "शैला, सावलीत थांब," काका म्हणाले. सावली एकच होती, सवारोची. काकू नाइलाजाने तिथे जाऊन उभ्या राहिल्या. वर शेंड्यावर फळं पिकून उकलली होती, पारवे तुटून पडले होते. दोन-चार फळं खालीही पडली होती. काकूंनी एक उचललं.

"हे खातात?"

"हो काकू, गोड असतं."

त्यांनी लाल गर तोंडात टाकला.

"अगदी आमची बोंडं रे!" त्या म्हणाल्या. "माणदेशात आमच्या शाळेला निवडुंगाचं कुंपण होतं. बोंडं दगडावर घासायची, कुसं काढायची आणि खायची. तोंड लालभडक! मग घरी आईचा मार."

"हे मला कधी बोलली नाहीस," काका म्हणाले.

"तुम्ही पुण्याचे. तुम्हाला काय सांगायचं?"

हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मला आजोळच्या तेंदूच्या झाडाची टेंभरं आठवली. इतक्या वर्षांत घराची एवढी आठवण कधी आली नव्हती.

"मग काकू, परमिट काढू?" मी भीत भीत विचारलं.

"कशाला? दार उत्तरेला घे. उत्तर कुबेराची, चालते." मग सवारोकडे बघत म्हणाल्या, "स्वयंपाकघराची खिडकी मात्र इकडे हवी."

प्लॅन पुन्हा काढला. ड्राइव्हवे वळवावा लागला, बॉसने महिनाभर कुरकुर केली. घर झालं, सवारो जागच्या जागी आहे, आणि दर जूनमध्ये काकू फळांवरून पारव्यांशी भांडतात.

नव्या क्लायंटला मी आता सवारोचे नियम नंतर सांगतो. आधी फळ खायला घालतो.