रिकामी फेरी

माझा थोरला भाऊ अठरा वर्षं शववाहिका चालवतो. लोक त्याला ‘शेवटची गाडी’ म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि हा ओ देतो. एकदा मुलगी बघायला गेलो होतो. तिच्या वडिलांनी नोकरी विचारली, यानं खरं ते सांगितलं. पुढचा चहा कुणी विचारलाच नाही. इतका सरळ माणूस आमच्याकडे दुसरा नाही आणि इतका ठोंब्याही नाही.

शववाहिका पळत नाही. मागे माणसं चालत असतात, म्हणून रांगतच जायचं. डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी एक गाळणी असते. गाडी बराच वेळ वेगात राहिली की नळी तापते, काजळी जळते आणि गाळणी मोकळी होते. रांगणाऱ्या गाडीत काजळी नुसती साठते, मग समोर पिवळा दिवा लागतो. म्हणून दादा दर मंगळवारी रिकामी गाडी हमरस्त्यावर पंचवीस मिनिटं पळवायचा. मध्येच थांबलं तर सगळं पाण्यात.

बाबा दवाखान्यात होते ते तीन मंगळवार ही फेरी राहून गेली. चौथ्या सोमवारी बाबा गेले.

दादानंच त्यांना गाडीत ठेवलं, पट्टे आवळले. मी पुढे त्याच्या शेजारी बसले. मला रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं, भिंतीसारखी बसले होते. त्यानं किल्ली फिरवली आणि पिवळा दिवा उघडझाप करायला लागला.

“याला आजच मुहूर्त सापडला!” मी म्हटलं.

काका खिडकीशी आले. “काय झालं रे?”

“हमरस्त्यावर फेरी मारून आणतो. अर्धा तास.”

“अरे, बापाला घेऊन हवा खायला निघालास?”

“वाटेत गाडी बंद पडली तर दुसऱ्या गाडीत हलवावं लागेल. रस्त्यावर, सगळ्यांसमोर. एका म्हातारीला हलवलंय मी तसं. बाबांना नाही हलवणार.”

काकांनी घड्याळ पाहिलं. स्मशानात अकराची वेळ मिळाली होती, ती चुकली तर थेट उद्या. “तिकडेच या परस्पर,” ते म्हणाले. “आम्ही पुढे होतो. पण उशीर करू नका.”

हमरस्त्याला लागल्यावर दादानं काटा ऐंशीवर नेला आणि तिथेच ठेवला. मागे पट्ट्याची कडी वाजत होती.

“बाबांना वेग चालायचा नाही,” मी म्हटलं.

“माहीत आहे.”

मी मैलाचे दगड मोजत बसले. तेही मध्येच विसरले.

तेविसाव्या मिनिटाला दिवा विझला. परतीचं वळण आलं. दादानं वेग कमी केला नाही.

“दादा, विझला.”

“बघितलं.”

दुसरं वळणही मागे पडलं. घड्याळात दहा चाळीस झाले होते. त्याचा चेहरा रोजच्यासारखाच होता, कामावरचा.

“तिथे पोचलो की उतरवायचं त्यांना,” तो म्हणाला. बस, एवढंच.

फोन वाजला. काका होते. आयुष्यभर मी घरातल्या प्रत्येकाला वेळेवरून टोचत आले. दादालाही, बाबांनाही.

“काका,” मी म्हटलं, “दिवा अजून विझलेला नाही.”