आईचे उपवास

मी निघाले त्या दिवशी आई दारापर्यंतही येऊ शकली नाही. गर्भाशयाच्या ऑपरेशनचे टाके अजून ओले होते. खाटेवरूनच तिने वहिनीला बजावलं, "गुळाच्या पोळ्यात प्लास्टिकचा कागद घाल गं, नायतर चिकटतील." निफाडच्या त्या पोळ्या नेदरलँड्सला पोचल्या, तेव्हा एकही चिकटली नव्हती.

गंमत म्हणजे इथे माझं कामही तेच. लॅबमध्ये आम्ही सेल्युलोजपासून पातळ फिल्म बनवतो. पोटाचं ऑपरेशन झालं की जखमा भरताना आतडी एकमेकांना, पोटाच्या भिंतीला चिकटू शकतात. म्हणून पोट शिवण्याआधी सर्जन मध्ये ही फिल्म ठेवतात. जखम भरेपर्यंत ती टिकते, मग आपोआप विरघळते. आईला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे पोळ्यातला कागदच की. त्यासाठी एवढ्या लांब गेलीस का?"

तुमच्यापैकी जे बाहेर आहेत त्यांना ठाऊक आहे, आईचा पहिला प्रश्न 'जेवलीस का' हाच असतो. मी उलट विचारलं की तिचा उपवास निघायचा. सोमवार, चतुर्थी, एकादशी, पुढे गुरुवारही. उपवास का धरला, असं आमच्या घरात कोणी विचारत नाही. म्हातारपणी देवाचं वेड लागलंय म्हणून वहिनी आणि मी हसायचो. जेवलं की पोटात कळा येतात, हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

मग एकदा तिच्या उलट्या थांबेनात. गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात पुन्हा पोट उघडावं लागलं. जुन्या जखमेपाशी आतडं चिकटून अडकलं होतं. डॉक्टरांनी ते सोडवलं आणि या वेळी मध्ये फिल्म ठेवली. मी पोचले तेव्हा आई शुद्धीवर होती.

"कागद घातला म्हणे," ती हसत म्हणाली.

मला रडू आवरेना. पहिल्याच वेळी घातला असता तर, एवढंच डोक्यात फिरत होतं. रजा संपली आणि मी परत आले.

फिल्म ठेवली तरी पुन्हा चिकटणार नाही, याची खात्री कोणी देत नाही. मी तर नाहीच देणार. आईला मात्र हे सांगितलेलं नाही.

घर म्हटलं की आता मला फोनवर दिसणारं आईचं ताट आठवतं. जेवायला बसलीस की व्हिडिओ कॉल लाव, असं तिला सांगून ठेवलंय. काल तिने ताट दाखवलं. वरण-भात, अर्धी भाकरी.

"उपवास नाही ना आज?"

"नाय गं. जेवते सावकाश. तू ठेव फोन."

मी फोन ठेवला नाही. तिनेही घास उचलला नाही.