फ्रान्सचा नेम

भोरच्या स्टँडवर सकाळची गाडी लागली की कंडक्टर दारातूनच हाक द्यायचा, "बोंजूर बाई, म्होरं या, जागा हाय!" आमच्या बाई आधी तितक्याच ठणठणीत आवाजात "बोंजूर" म्हणत आणि मगच तिकिटाला हात पुढे करत. साऱ्या डेपोला त्यांनी नमस्कारापुरतं एवढं एक फ्रेंच शिकवून ठेवलं होतं. खरं नाव शाळेच्या मस्टरवर असेल. भोरपासून कापूरहोळपर्यंत त्या बोंजूर बाईच होत्या.

कापूरहोळच्या अलीकडे, भोर रस्त्यालाच आमची मिशनची शाळा. किकवी-वरव्याची आम्ही शेतकऱ्यांची पोरं तिथे इंग्रजी यावं म्हणून घातलेली. आठवीत संस्कृतला पर्याय म्हणून फ्रेंच निघालं, तेव्हा घरच्यांनी फुकट मिळतंय तर घेऊ दे म्हणून आम्हाला त्यात ढकललं. बाईंचा दिवस आवारातल्या प्रार्थनेने सुरू व्हायचा. सिस्टर डोळे मिटून उभ्या असायच्या आणि बाई एक डोळा उघडा ठेवून कोण चुळबुळ करतंय ते बघायच्या. मग दिवसभर या वर्गातून त्या वर्गात, खडूची बोटं पदराला पुसत. आमचा तास चॅपलमागच्या खोलीत भरायचा. तिथे मोडके बाक, नाताळच्या गव्हाणीतली मातीची मेंढरं आणि एक लांबलचक जुनं टेबल होतं. कुणी पुटपुटत वाचलं तर बाई रागवत नसत. खिडकीबाहेर बघत म्हणत, "परत. डोंगराला ऐकू गेलं नाही."

शुक्रवारी आमचा तास मधल्या सुट्टीला जोडून असे, आणि त्या दिवशी पुस्तक बंद. टेबलावर डबे उघडायचे, पिठलं असो की मेथी, शेजाऱ्याकडे फ्रेंचमध्ये मागायची. नेम एकच, पण कडक. सगळे बसल्याशिवाय कुणी घासाला हात लावायचा नाही. वाढणारासुद्धा बसला पाहिजे. "फ्रान्समध्ये असंच असतं," बाई सांगत. मग म्हणत, "बों आपेती." म्हणजे आपलं 'सावकाश होऊ द्या', हेही त्यांनीच समजावलेलं.

आम्ही नववीत गेलो आणि घराघरांतून कुरकुर सुरू झाली. माझे आजोबा, आमचे आबा, एक दिवस ओट्यावरून कडाडले, "लई झालं ते फ्रेंच. हितं किकवीत कुणाशी बोलणार हाय ही? म्हशीशी?" संस्कृतला मार्क पडतात म्हणून बहुतेक पालकांनी पोरांची नावं काढायचं ठरवलं. सिस्टरांनी बाईंना सरळ सांगितलं, पालक थांबले नाहीत तर वर्ग बंद. वर्ग बंद म्हणजे बाईंची नोकरीही बंद, हे आम्हालाही कळत होतं. मला तर रडूच आलं. बाई मात्र एवढंच म्हणाल्या, "येत्या शुक्रवारी घरच्या सगळ्यांना जेवायला घेऊन या. आयांनाही."

सगळे आले. आबा धुतलेलं धोतर नेसून आले ते माझं नाव काढायच्या तयारीनेच. पुरुष टेबलाशी बसले, आम्ही पोरं बसलो, आणि आमच्या आया सवयीने उभ्या राहून वाढू लागल्या. ताटं भरली. आबांनी भाकरी मोडली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "अजून सगळे बसले नाहीत."

"बसल्यात की समदी," आबा म्हणाले.

"या बसल्या नाहीत."

माझ्या आईने पदर तोंडाशी धरला. "आमचं काय बाई, आमी मागनं जेवतो."

"फ्रान्सचा नेम आहे," बाई म्हणाल्या, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

कालवण गार होत चाललं. दारात उभ्या असलेल्या सिस्टरांचा चेहरा उतरला. ज्यांची मनधरणी करायची त्यांच्याच पुढे असं अडून बसायचं, याला काही धरबंध? मला बाईंचा रागच आला. शेवटी आबांनी मोडलेली भाकरी ताटात परत ठेवली आणि आईकडे न बघता म्हणाले, "बस की गं सूनबाई. भूक लागलीया. फ्रान्सचा नेम हाय तर हाय."

आई बाकाच्या अगदी टोकाला बसली. मग बाकीच्याही बसल्या. आबांबरोबर आईला जेवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

परतीच्या गाडीत किकवी आली तेव्हा आबा म्हणाले, "शिकू दे फ्रेंच. माणसं बरी दिसत्यात तिथली." माझं नाव राहिलं, आणि आबांनी ठेवलं म्हटल्यावर इतरांचीही राहिली. बाई निवृत्त होईपर्यंत वर्ग चालला. त्यांच्यानंतर शिकवणारं कुणी मिळालं नाही आणि तो बंद पडला.

मी आता पुण्यात एका कंपनीत फ्रेंच कागदपत्रांचं भाषांतर करते. मध्यंतरी बाई आजारी असल्याचं कळलं म्हणून भोरला गेले. आवाज पार बारीक झाला होता, तरी मी बोंजूर म्हणेपर्यंत बस म्हणाल्या नाहीत. बोलता बोलता मी विचारलं, "बाई, तो जेवणाचा नेम तुम्ही फ्रान्समध्ये कुठे पाहिलात?"

बाई खुदकन हसल्या. "मी कुठली जातेय फ्रान्सला? पुस्तकात टेबलाचं एक चित्र होतं. बाकीचं माझ्या मनाचं." मग म्हणाल्या, "आई माझी जन्मभर चुलीपाशी एकटी जेवली. बस म्हटलं की नुसती हसायची. तिला कधी बसवता आलं नाही गं."

"मग फ्रान्सचं नाव कशाला?"

"माझं नाव सांगितलं असतं, तर तुझ्या आबांनी ऐकलं असतं होय?"

या उन्हाळ्यात बाई गेल्या. त्यांना पोचवून मी संध्याकाळी किकवीला घरी आले. आंघोळ करून पानावर बसले. आबांना आता नीट दिसत नाही. ताट पुढे आलं तरी आईच्या बांगड्या शेजारी वाजेपर्यंत ते हात मांडीवर ठेवून थांबतात.

"सूनबाई, बसलीस का?"

"बसले, आबा."

"मंग बों आपेती," आबा म्हणाले आणि त्यांनी भाकरी मोडली. पहिला घास घेऊन माझ्याकडे वळले. "काय बी म्हण पोरी, फ्रान्सची माणसं शहाणी."

खरं काय ते सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही.

"व्हय आबा," मी म्हटलं. "लई शहाणी."